पैठणीच्या शेकडो फोटोंवर एकगठ्ठा वॉटरमार्क कसा टाकायचा

दसरा-दिवाळीच्या आधी पैठणीच्या दुकानात नवा माल येतो. दोन दिवसांत चार-सहाशे फोटो निघतात आणि ते व्हॉट्सॲप ग्रुप, इन्स्टाग्राम, वेबसाइट असे सगळीकडे जातात. मग तोच मोर, तोच पदर दुसऱ्याच कुणाच्या पानावर निम्म्या भावात दिसू लागतो. फोटो हातमागाच्या साडीचा आणि कुरिअरने आलेली साडी यंत्रमागाची, असंही घडतं. गिऱ्हाईक फसतं, आणि ज्याच्या फोटोवर विश्वास ठेवला त्याच्याबद्दल शंका घेतं.

वॉटरमार्कने, म्हणजे फोटोवर उमटवलेल्या दुकानाच्या फिक्या नावाने, चोरी थांबत नाही, हे आधीच मान्य करून कामाला लागावं. फोटो पुढे जाताना नाव सोबत जातं, एवढं त्याने नक्की होतं. नाव योग्य जागी असेल, तर ते पुसणाऱ्याला साडीची नक्षी बिघडवावी लागते. म्हणून सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं यापेक्षा नाव कुठे बसवायचं हा प्रश्न मोठा आहे, आणि शेकडो फोटोंना एकदम नाव टाकताना नेमकी हीच गोष्ट हातची सुटते.

आधी फोटोंची वाटणी

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ओतून त्यांवर एकच वॉटरमार्क चालवला, की काही फोटोंत नाव मोराच्या मानेवर येतं, काहींत रिकाम्या पांढऱ्या चादरीवर. मानेवरचं नाव गिऱ्हाइकाला खुपतं. चादरीवरचं नाव फोनमधल्या पुसणीने एका बोटात जातं, कारण त्यामागे पुन्हा भरायला काहीच नक्षी नसते.

म्हणून फोटो कशाचा आहे त्यावरून चार फोल्डर करा: घडी, पदर, जवळून, उलटी बाजू. फोटो काढतानाच साडी ठेवण्याची पद्धत ठरवली, म्हणजे कॅमेरा स्टँडवर आणि साडी मांडणीत त्याच जागी, तर त्या फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंत काठ साधारण एकाच उंचीवर येतो. मग त्या फोल्डरपुरती नावाची एकच जागा चालते. एकगठ्ठा कामाचा निम्मा भाग इथेच होतो.

घडीच्या फोटोत नाव साडीचं अंग आणि काठ जिथे जुळतात त्या रेषेवर आडवं टाका, निम्मं अंगावर आणि निम्मं काठावर. पुसणाऱ्या यंत्राला तिथे रेशमाचा साधा पोतही भरावा लागतो आणि नारळी काठाची नागमोडही. नागमोड जुळली नाही की डोळ्यांना लगेच कळतं.

पदराच्या फोटोत गिऱ्हाईक मोर, आसावली, कमळ बघायला येतं. मधल्या मोठ्या आकृतीला हात लावू नका. तिच्या खालच्या पट्टीवर, बारीक बुट्ट्यांच्या ओळीतून नाव जाऊ द्या आणि ते थोडं फिकं ठेवा.

उलट्या बाजूचा फोटो सगळ्यांत जपायचा. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. जाणकार बाई हाच फोटो मोठा करून बघते. तिथे नाव नक्षीवर आलं तर काहीतरी झाकलंय असं वाटतं. बुट्टी सोडून शेजारच्या साध्या विणीवर नाव टाका, आणि या एका फोल्डरपुरतं ते सहज पुसता येईल हे मान्य करा.

जवळून काढलेल्या फोटोत मोकळी जागाच नसते. तिथे एक मोठं नाव टाकण्याऐवजी तिरप्या ओळींत पुन्हा पुन्हा येणारं लहान नाव, अगदी फिकं, पूर्ण फोटोभर पसरावं.

नावाची फाइल

बहुतेक बॅच (अनेक फाइलींवर एकगठ्ठा काम करणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करून वॉटरमार्क करायची सोय असते. मराठी नावासाठी ती वापरू नका. त्यातली बरीच सॉफ्टवेअर अक्षरं एकामागून एक नुसती मांडतात, जोडाक्षर घडवत नाहीत. ‘रुक्मिणी’ टाइप केलं तर क पाय मोडलेला दिसतो, म वेगळा उभा राहतो, आणि वेलांटी क्म च्या आधी येण्याऐवजी म च्या नंतर जाऊन णी वर चढते. कधी पडद्यावरच्या झलकीत अक्षर ठीक दिसतं आणि निघालेल्या फाइलमध्ये फुटतं. ‘क्ष’, ‘र्थ’, ‘श्री’ यांचंही असंच होतं. नाव आधी चित्र म्हणून बनवून घेतलं की हा प्रश्न कायमचा मिटतो.

त्यासाठी इंकस्केप हे चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर घ्या. ते सगळ्यांना मोफत आहे आणि देवनागरी नीट जुळवतं. फॉन्ट युनिकोड असावा: मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी. हे चारही खुल्या परवान्याचे आहेत, दुकानाच्या कामाला चालतात. तिरोच्या मराठी आवृत्तीत ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा श मराठी दुकानाच्या नावात खटकतो, तेव्हा फॉन्ट निवडताना ही दोन अक्षरं आवर्जून बघा. बारीक वजनाचा फॉन्ट घेऊ नका. व्हॉट्सॲपने फोटो दाबला की बारीक रेघा विरून जातात. मध्यम किंवा ठळक वजन घ्या.

नाव टाइप केलं की त्याचं पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, रूपांतर करा. मग गट सोडवा आणि सगळी अक्षरं निवडून पाथच्या मेनूतून युनियन करा, म्हणजे सगळे आकार जोडून एकसंध होतील. ही पायरी देवनागरीसाठी महत्त्वाची आहे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या रेषेवर किंचित चढलेली असते. युनियन न करता बाहेरची कड दिली तर शिरोरेषेवर दर अक्षराला उभा सांधा दिसतो आणि नाव तुकड्या-तुकड्यांचं वाटतं.

आता रंग. आतला भाग पांढरा, बाहेरची कड गडद करडी. नुसतं पांढरं नाव जरीवर हरवतं, कारण जरी जिथे प्रकाश परावर्तित करते तिथे फोटोत ती जवळपास पांढरीच असते. नुसतं काळं नाव चंद्रकळेवर आणि गडद जांभळ्यावर दिसत नाही. पांढऱ्याला गडद कड असली की एकच फाइल दोन्हीकडे चालते. कडेची जाडी शेवटच्या मापात २ पिक्सेल ठेवा आणि कड भरावाच्या मागे जाईल असा क्रम निवडा, नाहीतर ती अक्षराचंच अंग खाते. लाल किंवा केशरी नाव टाळा. जेपेग फाइल उजेडापेक्षा रंगाची माहिती जास्त दाबते, म्हणून रंगीत बारीक अक्षरांच्या कडा ओघळल्यासारख्या दिसतात.

फाइल पीएनजीमध्ये, पारदर्शक पार्श्वभूमीवर, ४२० पिक्सेल रुंद काढा. ४२० का, ते पुढच्या मापात कळेल. फिकेपणा इथे देऊ नका, नाव पूर्ण भरीव ठेवा. किती फिकं करायचं ते बॅच चालवताना ठरतं.

जवळच्या फोटोंसाठी वेगळी पीएनजी लागेल: १२०० बाय १२०० पिक्सेलचा पारदर्शक चौकोन, त्यात १६० पिक्सेल रुंदीचं नाव ३० अंशांत तिरपं, ओळीआड सरकवून भरलेलं.

आणखी एक काळजी घेण्यासारखी आहे. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की शेकडो फोटोंवर तंतोतंत एकच वॉटरमार्क असेल, तर सगळे फोटो एकत्र ताडून संगणक तो वॉटरमार्क वेगळा काढू शकतो आणि प्रत्येक फोटोवरून साफ पुसू शकतो. जागा बदलून किंवा फिकेपणा बदलून फारसा फरक पडत नाही. दर फोटोला नावाच्या आकारात किंचित वाकडेपणा असेल, तर मात्र पुसल्यावर कडांचे व्रण उरतात. प्रत्येक फोटोला वेगळा बाक देणं दुकानाच्या कामात परवडत नाही, पण तीन-चार पीएनजी सहज करता येतात. इंकस्केपमध्ये बेंड परिणाम लावून एकाला वर हलका बाक द्या, दुसऱ्याला खाली, तिसरं ३ अंश फिरवा. दर फोल्डरला वेगळी फाइल वापरा. वाचणाऱ्याला फरक जाणवू नये इतकाच बाक असावा.

मूळ फोटोंना हात लावू नका

तीन फोल्डर ठेवा: मूळ, निवडक, तयार. कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेले फोटो ‘मूळ’मध्ये जातात आणि त्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर जाते. छपाईला, प्रदर्शनाच्या फ्लेक्सला आणि चोरीची तक्रार करायची वेळ आली तर पुराव्याला, तिन्ही ठिकाणी याच फाइली लागतात. ‘निवडक’मध्ये वरची चार पोटफोल्डर. ‘तयार’ रिकामं, तिथे फक्त सॉफ्टवेअर लिहिणार.

या कामातला सगळ्यांत वाईट अपघात म्हणजे बाहेर पडणाऱ्या फाइली मूळ फाइलींवरच लिहिल्या जाणं. आउटपुटला तेच फोल्डर आणि ‘असलेली फाइल बदला’ हे दोन पर्याय एकत्र आले की सहाशे मूळ फोटो काही मिनिटांत जातात आणि परत येत नाहीत. बॅचच्या आधी ‘मूळ’ फोल्डरला रीड-ओन्ली करून ठेवा.

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरं, अंक आणि आडव्या रेघेची ठेवा, मधे जागा सोडू नका. देवनागरी नावाच्या फाइली संगणकावर नीट चालतात, पण वेबसाइटवर चढवल्यावर पत्त्यात टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. साडीचा कोड हेच फाइलचं नाव असेल तर पुढे मोठी सोय होते, ती खाली येईलच.

आयफोनचे फोटो हाइक प्रकारात येतात आणि विंडोजवर बऱ्याचदा जादा घटक टाकल्याशिवाय उघडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात. विणकराकडून फोटो मागवत असाल तर ते व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवलेला फोटो आधीच दाबलेला येतो. त्यावर तुम्ही पुन्हा जेपेग कराल, गिऱ्हाइकाला पाठवताना व्हॉट्सॲप तिसऱ्यांदा दाबेल, आणि जरीच्या रेघांत किडे फिरल्यासारखे डाग पडतील.

एक्सएनकन्व्हर्टमध्ये बॅच

हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. घरगुती वापराला मोफत आहे, धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो. तो घ्या. वर चार-पाच टॅब दिसतात, त्यातले इनपुट, ॲक्शन्स आणि आउटपुट आपल्या कामाचे.

इनपुटमध्ये ‘निवडक’मधलं फक्त ‘घडी’ फोल्डर टाका. मग ॲक्शन्समध्ये क्रिया एकाखाली एक जोडायच्या. इथे क्रमाला अर्थ आहे.

१. एक्झिफनुसार फिरवणे. फोन उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये बऱ्याचदा आडवाच साठलेला असतो. तो उभा दाखवायचा, एवढी चिठ्ठी (एक्झिफ) सोबत असते. ही क्रिया पहिली नसेल तर नाव आडव्या फोटोवर बसतं आणि फोटो उभा दिसताना ते कुशीवर पडलेलं दिसतं.

२. रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबवर सर्रास चालणाऱ्या रंगपट्टीत, आणणे. आयफोन पी-३ या जास्त पसरट रंगपट्टीत फोटो काढतो, कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी निवडलेलं असू शकतं. असा फोटो रूपांतर न करता बाहेर गेला आणि वाटेत रंगाची चिठ्ठी गळाली, तर लाल-जांभळे मलूल दिसतात. रंग वेगळा निघाला म्हणून परत येणाऱ्या साड्यांमागे हेही एक कारण असतं.

३. आकार बदलणे. सर्वांत लहान बाजू १२०० पिक्सेल, प्रमाण कायम, फक्त लहान करा, मोठं करू नका. फोनचा फोटो उभा असेल तर तो १२०० बाय १६०० होईल, आडवा असेल तर १६०० बाय १२००. लांब बाजू धरली असती तर उभ्या-आडव्यांत काही बिघडलं नसतं, पण कॅमेऱ्याचे ३:२ फोटो, फोनचे ४:३ आणि चौकोनी फोटो एकत्र आले की त्यांची रुंदी वेगवेगळी होते आणि तेच नाव कुठे मोठं, कुठे लहान दिसतं. लहान बाजू सगळ्यांची १२०० असली की ४२० पिक्सेलचं नाव सगळीकडे लहान बाजूच्या सुमारे एक-तृतीयांश भरतं. साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू व्हॉट्सॲप साधारण १६०० पर्यंत आणतं, त्यामुळे हे माप तिथेही फारसं बदलत नाही.

४. हलकं शार्पन. लहान केल्यावर वीण थोडी मऊ पडते, ती परत उठून येते. हे वॉटरमार्कच्या आधीच करा. नंतर केलं तर अक्षरांभोवती पांढरं वलय उमटतं.

५. वॉटरमार्क. पीएनजी निवडा, जागा खाली-मध्ये, खालच्या कडेपासून तुमच्या मांडणीत काठ जिथे येतो तेवढं अंतर. १६०० उंचीच्या फोटोत काठ खालून पाव भागावर येत असेल तर सुमारे ४०० पिक्सेल. अपारदर्शकता ४० टक्क्यांपासून सुरू करा. पदराच्या फोल्डरला ३०, जवळच्या फोटोंवरच्या तिरप्या जाळीला १२ ते १५.

आउटपुटमध्ये फोल्डर ‘तयार’, प्रकार जेपेग, दर्जा ८५. त्याखाली गेलात तर जरी मार खाते, ९२-९५ च्या पुढे फाइल फुगते आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. फाइलच्या नावापुढे एक खूण लावा, उदाहरणार्थ आडवी रेघ आणि डब्ल्यूएम. नाव टाकलेली फाइल चुकून पुन्हा बॅचमध्ये गेली तर दुहेरी वॉटरमार्क उठतो. खूण असली की ती आधीच वेगळी काढता येते. ‘फाइल आधीच असेल तर’ या पर्यायाला ‘वगळा’ ठेवा.

शेवटी ही सगळी मांडणी प्रीसेट म्हणून जतन करा, नाव ‘घडी’. मग बाकी तीन फोल्डरसाठी त्यातच पीएनजी, जागा आणि फिकेपणा बदलून तीन प्रीसेट.

साडीचा कोड फोटोवरच

गिऱ्हाईक फोटोचा स्क्रीनशॉट पाठवून विचारतं, ‘ही आहे का?’ आणि दुकानात दोघं जण मोबाइल हातात घेऊन कपाटं शोधत बसतात. फाइलचं नाव हाच साडीचा कोड असेल तर तो फोटोवर आपोआप छापता येतो. वॉटरमार्कच्या खाली आणखी एक क्रिया जोडा, मजकुराची. मजकुरात फाइलनावाचा चल टाका, म्हणजे प्रत्येक फोटोवर त्याचा त्याचा कोड येईल. इथे जोडाक्षरांची भीती नाही, कारण कोडात इंग्रजी अक्षरं आणि अंकच आहेत. आकार ३० पिक्सेलच्या आसपास, पांढरा मजकूर गडद पट्टीवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, कडांपासून ६० पिक्सेल आत. हा कोड कुणी कापला तरी हरकत नाही, तो आपल्या सोयीचा आहे.

याच कोडाने रिसेलरचा माग लागतो. बिननावाचे फोटो मागणाऱ्या रिसेलरला तसे देणं धंद्याला आवश्यक असेल, तर कोडाच्या शेवटी त्या रिसेलरसाठी ठरवलेलं एक अक्षर लावून वेगळी बॅच काढा. क ला गेलेले फोटो ‘के’ने संपतात, त ला गेलेले ‘टी’ने. फोटो नको तिथे दिसला की कुणाकडून निसटला ते शेवटच्या अक्षरावरून कळतं.

दुकानाचा मोबाइल नंबर मात्र वॉटरमार्कमध्ये घालू नका. नंबर बदलतो, फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो.

आधी आठ, मग सहाशे

पूर्ण बॅच लावण्याआधी आठ अवघड फोटो निवडा: पांढरी किंवा मोतिया साडी, चंद्रकळा, जरीने भरलेला पदर, एक आडवा, एक उभा, एक आयफोनचा, एक कॅमेऱ्याचा आणि एक व्हॉट्सॲपवरून आलेला. त्यावर बॅच चालवा आणि निकाल स्वतःच्याच दुसऱ्या नंबरला व्हॉट्सॲपने पाठवून तिथून परत बघा. संगणकाच्या पडद्यावर ४० टक्के ठसठशीत वाटतं, दबून आलेल्या फोटोत उन्हात तेच दिसत नाही. फोन हातभर लांब धरून नाव वाचता आलं पाहिजे, आणि नजर मात्र आधी साडीवर गेली पाहिजे. दोन्ही साधेपर्यंत पाच-पाच टक्क्यांनी वरखाली करा.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत नाव अचानक मोठं दिसलं, तर तो फोटोच १२०० पेक्षा लहान आहे आणि ‘फक्त लहान करा’मुळे तसाच राहिला आहे. असे फोटो इनपुटमध्ये मापानुसार क्रम लावून वेगळे काढा आणि त्यांना २२० पिक्सेलची पीएनजी वापरा. त्यांना ओढून मोठं करू नका, विणीचा लगदा होतो.

बॅच संपल्यावर आधी मोजा. ‘निवडक’मध्ये जेवढ्या फाइली तेवढ्याच ‘तयार’मध्ये आहेत का? कमी असतील तर स्टेटस टॅबमध्ये कुठली अडली ते दिसतं. मग फाइली आकारमानानुसार लावा. शून्य किंवा अगदी लहान फाइल म्हणजे ती लिहितानाच तुटली, बहुतेक वेळा डिस्क भरल्यामुळे. शेवटी फोल्डर मोठ्या चिन्हांत उघडून वरपासून खालपर्यंत नजर फिरवा. सहाशे फोटोंना दहा मिनिटं लागतात. कुशीवर पडलेलं नाव किंवा फोटोबाहेर गेलेलं नाव अशा नजरेत लगेच सापडतं.

कुठे कापलं जातं, कुठे चालत नाही

इन्स्टाग्रामवर ४:५ चा उभा फोटो पूर्ण दिसतो, पण प्रोफाइलवरच्या जाळीत कडा कापल्या जातात. तिथले चौकोन जानेवारी २०२५ पासून उभे झाले, त्यामुळे जुन्या चौकोनी हिशोबाने कोपऱ्यात टाकलेली नावं आता बाजूने अर्धवट दिसू शकतात. कुठलंही नाव कडेपासून निदान एक-दशांश आत ठेवा.

ॲमेझॉनच्या मुख्य फोटोवर आणि गूगल मर्चंट सेंटरला दिलेल्या फोटोवर वॉटरमार्क चालत नाही, माल नाकारला जातो. त्यांच्यासाठी पाचवा प्रीसेट ठेवा: वरच्याच क्रिया, वॉटरमार्कची आणि कोडाची सोडून. त्या फोटोंचं फोल्डर वेगळं आणि फाइलच्या नावाची खूणही वेगळी, म्हणजे हेच फोटो चुकून ग्रुपवर जाणार नाहीत.

दुसरी सॉफ्टवेअर

डिजिकॅम सगळ्यांना मोफत आहे, दुकानालाही. त्याच्या बॅच क्यू मॅनेजरमध्ये वॉटरमार्क फोटोच्या टक्क्यांत मोजता येतो, त्यामुळे वेगवेगळ्या मापांचे फोटो एकत्र चालतात. शिकायला थोडा वेळ लागतो. इरफानव्ह्यू विंडोजवर आहे आणि फार हलकं आहे. बी दाबलं की बॅचची खिडकी उघडते आणि ॲडव्हान्स्डमध्ये वॉटरमार्क चित्राची सोय आहे. त्यालाही धंद्यासाठी परवाना लागतो.

लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्या फोटोग्राफरला वेगळं काही नको. एडिट वॉटरमार्क्समध्ये पीएनजी द्या, आकार ‘प्रपोर्शनल’, नऊ खुणांपैकी जागा निवडा, इन्सेटने आत सरकवा आणि एक्स्पोर्ट करताना तो निवडा. फोटोशॉपमध्ये ॲक्शन रेकॉर्ड करण्याआधी पट्टीचं एकक टक्के करा. पिक्सेलमध्ये रेकॉर्ड केलेली ॲक्शन दुसऱ्या मापाच्या फोटोवर नाव भलतीकडेच टाकते.

फाइलच्या आतलं नाव आणि कायदा

फोनच्या फोटोत काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. विणकराच्या घरी काढलेला फोटो वेबसाइटवर गेला तर त्याच्या घराचा ठिकाणाच जगजाहीर होतो. एक्झिफटूल या साधनाने किंवा बॅचमध्येच ती माहिती काढून टाका, पण निर्मात्याचं नाव आणि हक्काची ओळ फाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सॲप आणि बहुतेक समाजमाध्यमं ही आतली माहिती वाटेत उडवतात. स्वतःच्या वेबसाइटवरून थेट उचललेल्या फाइलमध्ये मात्र ती टिकते.

भारतात फोटोचा हक्क काढल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी लागत नाही आणि वॉटरमार्क असायलाच हवा असंही नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार, २०१२ च्या दुरुस्तीपासून, तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. नाव कुणाचं टाकायचं यावर दुकानदार आणि फोटोग्राफरमध्ये वाद होतात. कलम १७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. म्हणून फोटोग्राफरला आपलं नाव राहू द्यायचं असेल तर ते कामाआधी कागदावर लिहून घ्यावं.

कलम ६५ ब हे २०१२ च्या दुरुस्तीने आलं. कामाची ओळख, निर्मात्याचं नाव, मालकाचं नाव-पत्ता ही हक्कांची माहिती मानली जाते. ती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तक्रार करताना तिन्ही गोष्टी एकत्र द्या: नाव पुसलेला फोटो ज्या पानावर दिसतो त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट, नावासह तुम्ही प्रसिद्ध केलेला फोटो, आणि ‘मूळ’ फोल्डरमधली पूर्ण मापाची फाइल. चोरलेल्या प्रतीत नसलेले पिक्सेल त्या मूळ फाइलमध्ये असतात, आणि ते दुसऱ्या कुणाकडेही नसतात.

काम संपलं की सगळ्या पीएनजी, इंकस्केपची एसव्हीजी फाइल, फॉन्टची फाइल आणि पाचही प्रीसेट ‘मूळ’च्या शेजारी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यावर महिना-वर्ष लिहा. पाडव्याला नवा माल येईल तेव्हा चार फोल्डर भरायचे, आठ फोटोंची चाचणी घ्यायची आणि बॅच लावायची, एवढंच काम उरेल.